बरेनचा कडा आणि चाळीस मिनिटं

आयर्लंड हिरवं आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं. ॲथलोनला नऊ वर्षं राहून मीही तेच समजत होतो. घराच्या मागे गवत, कारखान्याच्या मागे गवत, पार्किंगच्या फरशीच्या सांध्यांतही गवत. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या बरेन भागात पहिल्यांदा गेलो तेव्हा आपण रस्ता चुकलो असंच वाटलं. डोंगरच्या डोंगर उघडे, राखाडी, चुनखडीचे. पाऊस भरपूर पडतो, पण तो दगडाच्या भेगांतून खाली निघून जातो, वर काही उरत नाही. वाळू नसलेलं वाळवंट म्हणावं असा हा मुलूख. समुद्राकाठी तो एकदम तुटतो आणि तिथे तीसेक मीटरचा ताशीव कडा उभा आहे. त्याला आयलाडी म्हणतात. गेल्या मे महिन्यात त्या कड्यावरच्या दोन भेगा आम्ही दोघं चढलो. जे तिथे गेले नाहीत, आणि बहुधा जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही म्हणजे मी आणि अनघा. मी मूळचा नाशिकचा, वय सेहेचाळीस, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. अनघा नागपूरची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिचं ऑफिस डब्लिनला बॉल्सब्रिजमध्ये. गणपतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली. मांडवाची दोरी मी ज्या गाठीने बांधली ती पाहून तिने विचारलं, "दादा, तुम्ही क्लाइंबिंग करता का?" मी म्हणालो, "करायचो." त्यानंतर दोन वर्षं ती मला हळूहळू पुन्हा दगडाकडे घेऊन आली. आधी कृत्रिम भिंतीवरचा सराव, मग डब्लिनजवळची ग्रॅनाइटची खाण, मग आयलाडी.

"करायचो" का म्हणालो ते सांगायला हवं. कॉलेजात असताना आम्ही सह्याद्रीतले सुळके चढायचो. एका सुळक्यावरून उतरताना कातळात ठोकलेली जुनी मेख निसटली आणि माझा मित्र अविनाश वीस फूट खालच्या कट्ट्यावर टाचांवर पडला. तो वाचला. आज सिन्नरला शाळेत शिकवतो, किंचित लंगडत चालतो. मेख मी ठोकलेली नव्हती. पण त्या दिवशी ती तपासायची पाळी माझी होती, आणि मी तिला फक्त एकदा हिसका देऊन बघितलं होतं. अविनाशने त्यावरून मला कधी शब्दाने दुखावलं नाही. मी मात्र वीस वर्षं दोराला हात लावला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अनघा रेल्वेने ॲथलोनला उतरली आणि आम्ही माझ्या कारमधून पश्चिमेकडे निघालो. ही गोष्ट मी तिला वाटेतच पहिल्यांदा सांगितली. ती म्हणाली, "उद्या तुम्ही पुढे चढा. वरचा अँकर तुम्ही बांधा." अँकर म्हणजे माथ्यावर दोर ज्याला बांधायचा तो आधार.

"तू असताना मी कशाला?"

"मी असताना म्हणूनच. एरवी तुम्ही बांधणारच नाही."

फॅनोर

आम्ही उतरलो ते कड्याजवळच्या फॅनोर गावात, नूलाबाईंच्या घरी. वय सत्तरीच्या पुढे, नवरा वारलेला, घराला लागून दगडी गडग्यांची शेतं. घरातल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने देतात. स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून आम्ही त्यांचा काळसर पाव आणि लोणी खाल्लं. मी प्राजक्ताने दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी बाहेर काढली. प्राजक्ता म्हणजे माझी बायको. तिला हे चढणं पसंत नाही. ती तसं सांगत नाही, फक्त चटणी जास्त देते.

नूलाबाईंनी चटणी जॅमसारखी पावावर थापली. मी थांबवेपर्यंत घास गेला होता. त्यांचे डोळे भरून आले, कपाळ लाल झालं, आणि सगळं गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दॅट्स ग्रँड." मग उठून प्रेसमधून, म्हणजे भिंतीतल्या कपाटातून, मोठा पेला काढला आणि तो भरून दूध प्यायल्या. दुसऱ्या घासाला त्यांनी नखाएवढीच चटणी घेतली. पण घेतली.

आपल्याकडे अशा ठिकाणी पहिला प्रश्न 'तुमचं नातं काय' हा असता. इथे कुणी विचारत नाही. त्या अनघाला फक्त म्हणाल्या, "सकाळी युअर मॅन अंडी खाणार का?" युअर मॅन म्हणजे तुझा माणूस नव्हे, समोरचा कुणीही गडी. नऊ वर्षांत हे मला पाठ झालं आहे, तरी दर वेळी मी जरा सावरून बसतो.

"तिथे वर तुम्ही स्वतःला कशाला बांधता?" त्यांनी विचारलं.

"दगडालाच," मी म्हणालो.

"कुठल्या दगडाला?"

"ते वर गेल्यावर ठरवायचं."

त्यांनी अनघाकडे पाहिलं. अनघा म्हणाली, "मीही याच उत्तराची वाट बघतेय."

कडा

शनिवारी ओहोटी दुपारी साडेबाराच्या सुमारास होती. कड्याच्या पायथ्याशी समुद्राच्या पातळीपासून थोडे वर खडकाचे कट्टे आहेत. पाणी ओसरलेलं असताना उत्तरेकडच्या टोकाने पायऱ्यांसारख्या खडकांवरून खाली उतरून त्या कट्ट्यांवरून चालत जाता येतं. भरती सुरू झाली की ती वाट बुडते. मग परत यायचा मार्ग एकच, वर. म्हणून आम्ही अकरालाच खाली उतरायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात आधी चुकीच्या फाटकातून गेलो आणि एका गाईने आम्हाला पंधरा मिनिटं वाटेत अडवलं. मग अनघाचं हेल्मेट नूलाबाईंच्या ओसरीत राहिल्याचं लक्षात आलं. ते घेऊन परत येईपर्यंत साडेबारा वाजून गेले होते.

वरच्या पठारावर पाय जपून टाकावा लागतो. सपाट दगडात हातभर रुंद, कमरेइतक्या खोल भेगा आहेत. त्यांच्या तळाशी वाऱ्यापासून लपून नेचे वाढतात आणि कुठे कुठे गर्द निळी, बोटभर उंचीची फुलं. कधीकाळी बर्फाने वाहून आणलेल्या मोठमोठ्या शिळा पठारावर एकेकट्या पडलेल्या आहेत. लांबून त्या बसलेल्या गुरांसारख्या दिसतात.

आमची भेग पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ गेलेली, बहुतेक ठिकाणी तळहाताच्या रुंदीची. मधला भाग पोट पुढे काढल्यासारखा जरा बाहेर झुकलेला. अशी भेग चढायची तर हात उभा आत सरकवायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा. हात फुगतो आणि अडकतो. मग त्यावर अंगाचा भार टाकायचा. पायाचंही तसंच, बूट तिरका आत घालायचा आणि पिळायचा. सालपटं निघू नयेत म्हणून हाताला चिकटपट्टी गुंडाळतात, तरी ती निघतातच.

आपल्याकडच्या सुळक्यांवर बऱ्याच ठिकाणी मेखा किंवा बोल्ट ठोकलेले सापडतात. आयलाडीवर एकही नाही. इथल्या चढणाऱ्यांची रीत अशी की कातळाला भोक पाडायचं नाही. जे लावायचं ते भेगेतच लावायचं आणि मागून येणाऱ्याने ते काढून न्यायचं. त्यासाठी कमरेला दोन प्रकारची अवजारं लटकवतात. एक नट, म्हणजे तारेला जोडलेली धातूची पाचर. भेग जिथे खाली निमुळती होते तिथे ती वरून बसवायची. दुसरा कॅम, त्याला दाबून आत घालायचा आणि सोडला की तो स्प्रिंगने पसरून दोन्ही बाजूंना धरतो. चढताना दर काही फुटांवर यातलं एक लावून त्यातून दोर ओवायचा. वर पोचलं की तीन भक्कम जागा शोधून त्यांचा भार एका गाठीत आणायचा. हा अँकर. खालून येणाऱ्याचा जीव त्याच्यावर.

खाली अनघाने एका उंच खडकाशी जागा घेतली, स्वतःला भेगेतल्या एका नटला अडकवलं, म्हणजे लाट आली तरी ती ओढली जाणार नाही. माझा दोर तिच्या हातात. लाटांच्या आवाजात वर-खाली बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरवली. वरून दोराला तीन झटके म्हणजे मी सुरक्षित आहे, आता दोर सोड.

"साडेतीनपर्यंत हा खडक कोरडा राहील," ती म्हणाली. "चढायला घाई नको. वर गेल्यावर मात्र रमू नका."

मी चढलो. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. झुकलेल्या भागात मी एक कॅम लावला, मग भीती वाटली म्हणून त्याच्यावर हातभर अंतरावर दुसरा लावला. खाली पाहिलं तर अनघाचं हेल्मेट आणि तिच्यामागे हिरवट पांढरं पाणी. माथ्याची कड हाताला लागली तेव्हा दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. घड्याळ मी आवर्जून पाहिलं.

वर आल्याबरोबर समोर एक शिळा होती, छोट्या मोटारीएवढी. तिच्या तळाशी दोर घासून गुळगुळीत झालेला पट्टा दिसत होता. म्हणजे सगळे तिलाच वेढा घालत असणार. मी खांदा लावून ढकललं. ती हलली. फार नाही, दाराची कडी हलावी इतकी. पण हलली. मी ती सोडून दिली.

पुढे दगडाची एक उभी फळी होती, तिच्यामागे सुरेख भेग. दोन कॅम बसवले. मग फळीवर मूठ आपटली तर आवाज पोकळ आला. कॅम काढले. तिसऱ्या जागी नट बसला, पण मला तो पुरेसा खोल वाटेना. काढला, धाकट्या आकाराचा लावला, तोही काढला. कड्यापासून आठेक मीटर आत एक खोल भेग सापडली. तिच्यात एका नटची पाचर अशी बसली की दोन्ही हातांनी ओढूनही ढिम्म हलली नाही. शेजारी पाण्याने दगडाला आरपार भोक पाडलेलं होतं, त्यातून नायलॉनची पट्टी ओवून बांधली. ती जागा तर बैल बांधावा अशी. तिसरा एक कॅम. तिघांची पट्टी एकत्र आणून मोठी गाठ मारली. कुठलंही एक निसटलं तरी उरलेल्या दोघांवर झटका बसणार नाही अशी. मग गाठ सोडली, कारण एका बाजूची पट्टी दोन बोटं ढिली वाटली. पुन्हा मारली. प्रत्येक जागा पुन्हा ओढून पाहिली. मग आणखी एक चौथा कॅम लावला आणि त्यासाठी गाठ तिसऱ्यांदा बांधली.

या सगळ्या वेळात मी एकदाही कडेपाशी जाऊन खाली पाहिलं नाही. घड्याळही पाहिलं नाही. मी अतिशय शांत होतो. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत इतका शांत नव्हतो.

शेवटी स्वतःला अँकरला बांधून कडेशी येऊन बसलो आणि दोराला तीन झटके दिले. दोर लगेच सैल झाला. इतक्या लगेच, की मी खाली वाकून पाहिलं.

अनघा त्या खडकावर उभी होती, पण खडक दिसत नव्हता. फेसाळ पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत येत होतं, ओसरत होतं, पुन्हा येत होतं. एक लाट तिच्या कमरेपर्यंत उडाली. तिने वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी खालचा नट उपटत होती. मी दोर भराभर वर ओढून घेतला, ताणला, आणि तिच्या कमरेला खेच बसली तशी ती भेगेत शिरली.

पहिले पंधरा फूट ती भरभर आली. झुकलेल्या भागाखाली तिचा ओला बूट निसटला. काही आवाज झाला नाही. दोर एकदम जड झाला, माझ्या कमरेला पुढे ओढ बसली, मागे गाठ करकचून आवळल्याचं जाणवलं. ती तिथेच लटकत राहिली, हातभर खाली. मागे वळून पाहायची मला जबर इच्छा झाली. पण माझे हात आणि डोळे दोराला हवे होते, म्हणून वळलो नाही.

"धरलंय," मी ओरडलो. तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

तिने हात झटकले, पुन्हा भेगेत घातले आणि उरलेलं अंतर एकही घसरण न होता चढून आली. माझ्यापाशी येऊन बसली. बुटांतून पाणी निथळत होतं. श्वास लागला होता.

"दादा, चाळीस मिनिटं."

"अँकर नीट..."

"चाळीस मिनिटं. मला कळेना तुम्ही पडलाय, की बेशुद्ध आहात, की काय. मला जागा सोडता येईना. दोर सोडावा तर तुम्ही कडेवर असाल."

मी माफी मागितली. ती उठून अँकरकडे गेली. चारही जागा पाहिल्या, वाकून भोकातली पट्टी पाहिली. मग परत येऊन त्या मोठ्या शिळेपाशी थांबली, तिला पाय लावून ढकललं.

"ही का नाही घेतली?"

"हलते."

"हलू द्या ना. टनभर तरी असेल. तीन बाजूंनी खाचेत बसलीय. आपण दोघं लटकलो तरी कुठे जाणार आहे ही?" मग फळीवर मूठ आपटून तिने आवाज ऐकला. "ही सोडलीत ते बरोबर केलंत. आणि भोकातली पट्टी एकटीच पुरली असती. पाच मिनिटांचं काम होतं."

"मला खात्री करायची होती."

"खात्री तर पहिल्या गाठीलाच झाली असणार तुमची." ती माझ्याकडे न बघता बुटाची नाडी सोडत होती. "तुम्ही अँकर बांधत होता की प्रायश्चित्त घेत होता?"

दुसरी नाडी सोडता सोडता ती म्हणाली, "तुमच्या मित्राचं झालं ते वाईटच झालं. पण आज खाली मी होते."

ओले मोजे तिने पिळले. चुनखडीवर पाण्याचा डाग पडला आणि आम्ही बघत असतानाच वाऱ्याने वाळूनही गेला.

संध्याकाळ

नूलाबाईंनी ओले बूट पाहिले. त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून शेगडीपाशी उलटे मांडले. जेवायला बांगडा होता, मैद्यात घोळवून लोण्यात तळलेला, सोबत बटाटे. कोकणात वाढलेल्या माणसाने त्याला नावं ठेवली असती, मी नाशिककर असल्याने दोन खाल्ले. अनघाने त्यावर चटणी भुरभुरली, मग नूलाबाईंनीही.

माझ्या मुलीचा फोन आला. ती चौदा वर्षांची आहे, मी मराठीत बोलतो, ती इथल्या हेल काढलेल्या इंग्रजीत उत्तर देते. "कसं झालं?" तिने विचारलं त्याचा अर्थ एवढाच. मी म्हणालो, "मी चांगला चढलो. पण अनघामावशीला फार वेळ खाली उभं ठेवलं, आणि पाणी वाढलं." ती म्हणाली, "ते तर वाईट ना, डॅड." मी हो म्हणालो. प्राजक्ताला सांगायच्या आधी हे मी मुलीला सांगितलं, याचं मलाच नवल वाटलं.

जेवण झाल्यावर अनघाने टेबलावर कागद पसरला. समुद्राचं वेळापत्रक. "उद्या ओहोटी सव्वाला," ती म्हणाली. "उद्या पुढे मी चढणार. तुम्ही खाली उभे राहा."

रविवार

दक्षिणेकडची दुसरी भेग, पहिलीपेक्षा अरुंद. या वेळी बाराला खाली पोचलो. गाय त्याच फाटकाशी होती, आम्ही दुसऱ्या फाटकाने गेलो.

अनघा सावकाश चढते. एक जागा, एक नट, एक श्वास. माझ्या हातातून दोर वितावितीने वर जात राहिला. मग ती कडेवरून दिसेनाशी झाली. आणखी थोडा दोर गेला, आणि थांबला.

पाणी अजून लांब होतं. कट्टा पूर्ण कोरडा. तरीही दोर थांबल्याबरोबर मी मान वर करून पाहिलं. वर नुसती कड आणि आकाश. एक समुद्रपक्षी कड्याला लागून वर गेला. ती काय करते आहे, कुठे उभी आहे, कशाला हात लावते आहे, यातलं काहीही मला कळायचा मार्ग नव्हता. हाक मारावीशी वाटली. मारून उपयोग नव्हता. दोर सोडता येत नव्हता, जागा सोडता येत नव्हती. मी पाण्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. काल ती इथे चाळीस मिनिटं उभी होती, त्यातली शेवटची काही पाण्यात.

घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटं झाली. मग तीन झटके आले. दोर वर सरकत गेला आणि माझ्या कमरेला येऊन ताठ झाला.

मी खालचा नट काढला आणि चढायला लागलो. भेग बोटांएवढी होती, माझे हात तिच्यात जेमतेम शिरत होते, दोनदा लटकलो. लटकलो की दोर थोडा ताणायचा आणि थांबायचा. माथ्यावर पोचलो तेव्हा अनघा कडेशी पाय सोडून बसली होती. तिच्या मागे पठारावर कुठेतरी तिचा अँकर होता, एका शिळेला असेल किंवा भेगेत. मी तिकडे वळून पाहिलं नाही. तिच्या शेजारी बसलो आणि पाण्याची बाटली मागितली.